निअँडरथलचा हाकारा

विलास,

मागच्या शुक्रवारी तुझ्या शोकसभेत मंडळाच्या सेक्रेटरींनी माइकवर जाहीर केलं, "ज्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून आपल्या विलासरावांना उंटांच्या कळपातून वाचवलं, ते मोहनराव आता दोन शब्द बोलतील." मी उठून माइकपाशी गेलो. समोर शारजातली आपली साठ-सत्तर माणसं. पहिल्या रांगेत सुमनवहिनी, त्यांच्या शेजारी आमची शैला. टेबलावर तुझा पासपोर्टचा फोटो मोठा करून ठेवलेला, ज्यात तू इमिग्रेशनवाल्याने नुकताच पकडल्यासारखा दिसतोस. मी ग्लासभर पाणी प्यायलो. मग दुसरा ग्लास प्यायलो. मग जागेवर येऊन बसलो. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "किती साधा माणूस आहे बघा."

साधा कसला? माझी पाचावर धारण बसली होती. नऊ वर्षं ती उंटाची गोष्ट तू सांगायचास आणि मी खाली मान घालून बसायचो. लोक त्याला माझा विनय म्हणायचे. आता तू नाहीस म्हटल्यावर ती गोष्ट मला माझ्या तोंडाने सांगायची पाळी आली, आणि ती साफ खोटी आहे हे माहीत असलेला या शहरात मी एकटा उरलोय. त्यात वहिनी आठवड्याभरात फ्लॅट सोडून कायमच्या सांगलीला निघालेल्या. म्हणजे ज्याच्यामुळे तुझा पाय कायमचा अधू झाला, त्याच माणसासमोर त्या एअरपोर्टवर हात जोडून "भावजी, तुमचे उपकार विसरणार नाही" म्हणणार. तेवढं मात्र मला सोसवणार नव्हतं. त्यांना खरं सांगायचं तर आता, नाहीतर कधीच नाही, असं होतं.

या सगळ्याला मूळ कारण तू आणि तुझा तो निअँडरथल.

दुबईत देऱ्यातल्या त्या खोलीत आपण सहा जण राहायचो, तीन बंक बेड आणि एक पंखा. मी ट्रेडिंग कंपनीत शिपिंगची कागदपत्रं करायचो, तू कन्सल्टंटकडे सर्व्हेअर. तुझा इंग्रज इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान वाटलं. कोणी इस्त्री आणली, कोणी किटली आणली. तू जुन्या मासिकांचं खोकं घेऊन आलास. आम्ही सगळे तुझ्यावर उखडलो, कारण खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या मासिकांत एका पानावर निअँडरथलचं, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या आदिमानवाचं, चित्र होतं. बुटका, रुंद, भुवयांवर जाड हाड, हातात लाकडी भाला. मी म्हटलं, "हा तुझ्यासारखा दिसतो." तू चिडला नाहीस. बराच वेळ चित्र बघत राहिलास आणि म्हणालास, "मोहन, हा माणूस सर्व्हेअर होता." त्या दिवसापासून आपल्या खोलीत सातवा माणूस राहायला आला.

मला त्याचं काय सोयरसुतक? पण तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे त्याच्याबद्दल ऐकणं भाग होतं. पुढे आपण दोघांनी बायका आणल्या, शारजात रोल्याजवळ एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली, तू तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. तुझ्या जुन्या पांढऱ्या गाडीतून दुबईला माझी रोजची कार लिफ्ट सुरू झाली. मग तर सुटकाच नव्हती. सकाळी तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, पुढे-मागे हजारो गाड्या, आणि तू स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचास, "कळप बघ कळप! सकाळी सगळे तिकडे, संध्याकाळी सगळे इकडे. निअँडरथलला हे बरोब्बर कळायचं. तो कधी कळपाच्या मागे धावला नाही. जनावर कुठल्या महिन्यात कुठून जाणार हे त्याला ठाऊक असायचं. तो आधीच पुढे जाऊन अरुंद जागी उभा राहायचा."

"आपण का नाही पुढे जाऊन उभे राहिलो?" मी विचारायचो.

"तू दाढी करायला वीस मिनिटं लावतोस म्हणून."

तुझा सगळा भर जमिनीवर होता. घोडे, रानगवे, प्रसंगी मॅमथसुद्धा त्यांनी मारले ते ताकदीवर नाही, असं तू म्हणायचास. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मध्ये चिंचोळी वाट अशी जागा शोधायची, जनावराला तिथे आणायचं, मग अर्धी शिकार जमीनच करते. तुला नकाशातल्या रेषांत जनावरं चालताना दिसायची. तू मला कागदावर डोंगर काढून दाखवायचास, उन्हाळ्यात कळप इकडे वर, थंडीत खाली, मागोमाग ही माणसंही, दरवर्षी त्याच गुहेत मुक्कामाला. चांगला दगड मिळाला तर तोही लांबून बरोबर वागवत न्यायचे. मी म्हणायचो, आपण सुट्टीला गावी जाताना दोरी बांधलेली खोकी नेतो त्यातलाच प्रकार. तू म्हणायचास, "हसतोस काय, तोच प्रकार."

मला एकच मुद्दा पटायचा नाही. त्यांच्या सांगाड्यांवर एवढ्या जखमा सापडतात, डोकी फुटलेली, हात मोडलेले. कारण तो भाला फेकायचा नव्हता, भोसकायचा होता. म्हणजे एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगाला अंग लागेपर्यंत जायचं. मी म्हणायचो, "मग मूर्खच की! लांबून फेकायला काय झालं होतं?" यावर तू एकदा दुबईत शिरताना सिग्नलला गाडी थांबलेली असताना माझ्याकडे वळून म्हणालास, "जवळ जायला शेजारी कोणीतरी उभं आहे याची खात्री लागते, मोहन. ती असली की माणूस जातो." मागच्याने हॉर्न वाजवला. मी त्या हॉर्नवाल्याला शिव्या दिल्या.

आणि मग चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधला तो शुक्रवार.

धैदच्या पुढे डोंगरात सर्व्हे करताना तुला एक वादी सापडली होती. वादी म्हणजे कोरडं नदीपात्र, दोन्ही बाजूंना उभे खडक, मध्ये एके ठिकाणी ती इतकी अरुंद होते की दोन माणसं शेजारी उभी राहिली तर वाट बंद. वरच्या अंगाला सात उंट चरायला यायचे. तू ट्रेसिंग पेपरवर त्या जागेचा नकाशा काढलास, स्केल वगैरे टाकून. त्यात 'मोहन' म्हणून एक बाण, 'विलास' म्हणून त्रिकोण, आणि 'जनावर' म्हणून तुटक रेष. उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशासुद्धा दाखवली होतीस.

कोणाला मारायचं नव्हतं. तू मटण आणायला खाटकाकडे गेलास की मला पुढे करून बाहेर उभा राहायचास. फक्त सिद्ध करायचं होतं की दोन साधी माणसं जमिनीच्या मदतीने मोठ्या जनावराला ठरल्या जागी आणू शकतात. मी वरून हाकारा करायचा, म्हणजे शिकारीत रान उठवतात तसा आवाज करून उंटांना खाली पिटाळायचं, आणि धावत चिंचोळ्या जागी येऊन तुझ्या डाव्या हाताला उभं राहायचं. दोघांनी खांद्याला खांदा लावून ठाम राहायचं. जनावर बिचकेल आणि वळेल. मग तू त्यावर इंग्रजीत लेख लिहिणार होतास. भाला म्हणून तू ऑफिसची रेंजिंग रॉड आणलीस, ती सर्व्हेची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी, खाली लोखंडी टोक असलेली. बायकांना सांगितलं होतं पिकनिक.

हाकाऱ्यासाठी मी पुऱ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि पळी घेतली. शैला म्हणाली, "डबा कुठे नेताय?" मी म्हटलं, "पाणी आहे का बघतो." मार्च महिन्यात, वाळवंटात. वहिनींनी तेव्हाच आपल्या दोघांकडे संशयाने बघितलं होतं.

तू जमीन इंच इंच मोजली होतीस. उंटांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा मालक रोज त्यांना चारा घालायचा तेव्हा पत्र्याचा डबा बडवून बोलवायचा, हे आपल्याला कुठून ठाऊक असणार? मी वर जाऊन उंटांच्या पाठीमागे उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं आणि डब्यावर पळी हाणली. सात माना वर झाल्या. सातही उंट वळले आणि माझ्याकडे धावत सुटले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जेवणाची वेळ झाल्याचा आनंद होता, पण त्या क्षणी मला उंटाच्या चेहऱ्यातलं एवढं कळत नव्हतं.

मी कडेच्या खडकांवर चढून त्यांना चुकवलं आणि उड्या मारत खाली पळालो. डबा हातातच होता, पळी त्याच्यात खडखडत होती, आणि जितका जोरात पळत होतो तितका तो जास्त वाजत होता. मागून कळप. मी चिंचोळ्या जागी आलो तर तू तिथे पाय रोवून उभा, रॉड हातात, तोंडभर हसू. "आले! अरे बरोब्बर आले! थांब इथे, डाव्या हाताला!" एवढा आनंदी तुला मी तुझ्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

मी तुझ्या डाव्या हातानेच गेलो विलास. पण थांबलो नाही.

सरळ गाडीपाशी गेलो, आत बसलो, दार लॉक केलं, काचा वर केल्या आणि डबा मांडीवर घेऊन पोटाशी धरला. काचेतून तू दिसत होतास, एकटा. मी परत येईन म्हणून तू दोनदा मागे वळून बघितलंस. मग पुढची उंटीण तुझ्यापर्यंत पोचली. तिने तुला काही केलं नाही, गर्दीत माणूस माणसाला बाजूला सारतो तसं खांद्याने सारलं. तू दोन दगडांच्या मध्ये पडलास आणि मला काचेतूनसुद्धा तुझ्या पायाचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. उंट तुला वळसा घालून गाडीशी आले. समोरच्या काचेवर तीन तोंडं टेकली. तू ओरडत होतास, "मोहन, डबा फेक! डबा बाहेर फेक रे!" मला ऐकू येत होतं. अर्थही कळत होता. काच खाली करायची आणि डबा टाकायचा, एवढंच काम. पण माझा हात काचेच्या दांड्याकडे गेलाच नाही. किती वेळ मी तसा बसलो ते मला आजही सांगता येत नाही.

मग पिकअपमधून उंटांचा मालक आला, तो म्हातारा अरब. त्याने जिभेने एक टक् केलं आणि सातही उंट शहाण्यासारखे बाजूला झाले. त्याने तुझा पाय बघितला, मग येऊन माझ्या काचेवर बोटाने टकटक केलं. "यल्ला हबीबी. खलास, खलास." म्हणजे चल बाबा, संपलं सगळं. तेव्हा कुठे मी दार उघडलं.

आरडाओरडा ऐकून वळणापलीकडे सतरंजी टाकून बसलेल्या बायका धावत आल्या. म्हाताऱ्याने टेकाडावरून सगळं पाहिलं होतं आणि त्याला ते कोणाला तरी सांगायची फार घाई झालेली. तो वहिनींसमोर अरबीत हातवारे करून सांगू लागला. माझ्याकडे बोट करून "सय्यारा, सय्यारा" म्हणाला, म्हणजे गाडी, गाडी. मग त्याने गाडीची काच वर करायची नक्कल केली, हात गोल गोल फिरवत. मग पोटाशी डबा धरून थरथरून दाखवलं. मी जमिनीत जाता आलं तर बघत होतो. वहिनी रडत विचारत होत्या, "काय म्हणतोय हा? अहो, काय म्हणतोय?"

तू दगडात पडलेला, नडगीचं हाड मोडलेलं, चेहरा राखेसारखा. तू म्हाताऱ्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि भाषांतर करून सांगितलंस, "म्हणतोय, या माणसाने उंट स्वतःच्या अंगावर घेतले. मग धावत जाऊन गाडी काढली, हे बघ स्टिअरिंग फिरवून दाखवतोय, आणि गाडी उंटांच्या मध्ये घातली. हा नसता तर मी मेलो असतो."

"आणि हे थरथरणं कसलं?" शैलाने विचारलं.

"गाडीचं इंजिन," तू म्हणालास.

वहिनींनी मला हात जोडले. शैलाने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे तशा नजरेने पाहिलं. म्हातारा चक्रावून एकदा बायकांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. भित्र्या माणसाला मान देणारे हे कुठले लोक, असं त्याला वाटलं असणार. पण तुला उचलून पिकअपमध्ये घातलं त्याने, आणि हॉस्पिटलपर्यंत एवढ्या हळू नेलं की मागून माझ्या हातात तुझी गाडी दोनदा बंद पडली.

त्यानंतरचे तीन महिने तेवढे माझ्या बाजूने खरे आहेत. आपल्या बिल्डिंगची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. मी तुला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवायचो, चढवायचो. तुझं वजन त्या काळात प्लॅस्टर धरून भयंकर झालं होतं आणि तू पाठीवर बसून मला व्याख्यान द्यायचास. इराकमधल्या एका गुहेत सापडलेला निअँडरथल म्हातारा, एक हात कामातून गेलेला, एक डोळा बहुतेक गेलेला, पाय लंगडा, आणि तरी त्या जखमांनंतर तो कित्येक वर्षं जगला. "जगला कसा? हाड जुळेपर्यंत कोणीतरी मांस आणून दिलं, पाणी आणून दिलं. हाड जुळलेलं दिसलं की समजायचं, शेजारी माणूस होता."

दुसऱ्या मजल्यावर मी धापा टाकत म्हणालो, "हाड जुळलं एवढंच सिद्ध होतं. मांस आणून देणारा कोण होता ते कुठे कळतं? कदाचित तोच असेल, जो ऐन वेळी पळून गेला होता. मनाला खात असेल त्याच्या, म्हणून आणत असेल."

तू माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केलीस. तुझा श्वास माझ्या मानेवर येत होता. मग म्हणालास, "असेना. मांस आणलं ना? चल, अजून एक मजला आहे."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढे एकदा ट्रॅफिकमध्ये सुरुवात केलीही, "विलास, त्या दिवशी ना..." आणि तू घाईघाईने म्हणालास, "थांब थांब, सिग्नल सुटला." सिग्नल लाल होता. मग महाराष्ट्र दिनाला मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. तू कुबडीवर स्टेजवर चढून भाषण केलंस आणि त्यात उंट सातांचे अकरा झाले. त्यानंतर सांगायचं म्हणजे शाल परत करणं आलं, आणि शैलाने ती तोवर तिच्या आईला पाठवली होती.

एक मात्र झालं. तू पुन्हा कधी त्या डोंगरात गेला नाहीस. दर शुक्रवारी आमच्याबरोबर रमी खेळत बसायचास, तीही इतकी वाईट की तुला पार्टनर करायला कोणी तयार नसायचं. मी दोन-तीनदा म्हटलं, चल, गाडी मी चालवतो. तू म्हणायचास, "नको रे, पाय साथ देत नाही." पण रोज संध्याकाळी तू त्याच पायाने लंगडत समुद्रापर्यंत चालत जाऊन परत यायचास. मला ते दिसत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बोलणं तुझ्या पायावर आलं असतं आणि तिथून माझ्यावर.

आता सकाळी मी शेअर टॅक्सीने जातो. टॅक्सीवाला पठाण आहे, त्याला मी परवा सांगत होतो, "भाईजान, ये पूरा झुंड है, देखो." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रेडिओ मोठा केला. मला तुझी फार आठवण आली.

तर शोकसभेनंतर सहा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मी तुझ्या घरी गेलो. वहिनी हॉलमध्ये खोक्यांना दोऱ्या बांधत होत्या. मी गाठीवर बोट धरायला बसलो आणि बोट धरूनच सगळं सांगून टाकलं. पळालो ते, लॉक केलं ते, डबा फेक म्हणून तू ओरडत होतास ते. म्हाताऱ्याची नक्कल काचेची होती, स्टिअरिंगची नव्हती, आणि ते थरथरणारं इंजिन म्हणजे मी.

 वहिनींच्या तोंडून "इंजिन!" एवढं निघालं आणि त्या हसायला लागल्या. तू गेल्यापासून महिन्याभरात पहिल्यांदा. खोक्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला एवढं हलकं वाटलं की मीही हसलो. मग त्या एकदम थांबल्या.

"नऊ वर्षं मी यांना बोलत आलेय, भावजी."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच दिवशी मी यांना माझी शपथ घातली. म्हटलं, तुमच्या वेडापायी शैलाचा नवरा गेला असता. तुमचं काय व्हायचं ते होऊ दे, दुसऱ्याच्या संसाराशी खेळायचं नाही. परत त्या डोंगरात पाऊल टाकलंत तर मी सांगलीला निघून जाईन." त्यांनी दोरी खाली ठेवली. "दर वर्षी थंडी सुरू झाली की हे नकाशे काढून बसायचे. मी फक्त म्हणायचे, शैलाचं कुंकू आठवा. मुकाट्याने गुंडाळून ठेवायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत, अगं, तो तर गाडीत बसला होता. एवढं एक वाक्य बोलले असते तर मी स्वतः डबा भरून दिला असता हो. मी कशाला अडवलं असतं?"

मी ती गाठ धरून बसलो होतो आणि मला वर बघता येईना. विलास, तुझा पाय माझ्यामुळे गेला हे मी नऊ वर्षं मोजत होतो. तुझं वाळवंटही माझ्यामुळेच गेलं, हे मला गुरुवारी कळलं. तुला मोकळं करणारं वाक्य रोज तुझ्या तोंडाशी होतं. दर हिवाळ्यात होतं. माझं तोंड शैलासमोर काळं होऊ नये म्हणून तू ते गिळलंस, आणि वर माझ्याशी रमी खेळलास.

"उद्या शुक्रवार आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "यांची गाडी काढा."

काल सकाळी गेलो. धैदच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागलो तशा वहिनी पुढे वाकून बघायला लागल्या. वादी तशीच आहे, उंट नव्हते. त्या पदर खोचून, पर्स काखेत धरून, चपलांनी दगडांतून चालत चिंचोळ्या जागी गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. "हे इथे होते?" मी हो म्हटलं. "आणि तुम्ही?" मी गाडीची जागा दाखवली. त्या तिकडे बघत राहिल्या, मग पुन्हा पायाखाली बघितलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "बरं. आता मला सांगा, यांना इथे काय दिसायचं?"

मी कसं सांगणार? देऱ्यातल्या खोलीपासून बारा वर्षं मी फक्त तुझ्याशी भांडत आलो. पण तोंड उघडलं आणि थांबेचना. पाणी कुठून येत असेल, जनावर सावली धरून कुठल्या बाजूने चालेल, माणसं कुठल्या खडकामागे दबा धरतील, वारा कुठून हवा, सगळं मला येत होतं. वहिनी शंका काढत होत्या, आणि मी त्यांच्याशी तुझ्या बाजूने वाद घालत होतो, हात हलवून, तावातावाने. तास गेला असेल. उन्हं डोक्यावर आली. वहिनी एका दगडावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तरीच हो. तरीच हे असे होते."

मी म्हटलं, "वहिनी, मला माफ करा."

"ते मला आजच जमणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगलीला गेल्यावर बघेन."

विलास, हे तुझ्यासमोर म्हणायचं होतं, म्हणून हे पत्र. तू हाक मारत होतास, मला ऐकू येत होतं आणि मी आलो नाही. मला माफ कर रे. आणि तुझ्याइतका जवळचा माणूस मला या परक्या मुलुखात दुसरा भेटला नाही, हेही तुला एकदा सांगायला हवं होतं. आपण नुसते भांडत राहिलो.

परत निघालो तेव्हा गाडी तापली होती. मी सवयीने पुढे झालो, दार उघडलं आणि आत पाय टाकणार तोच मागून वहिनींचा आवाज आला.

"भावजी, थांबा. आधी मी बसते."

मी बाहेर उन्हात उभा राहिलो. त्यांनी सावकाश चपला झटकल्या, पर्स ठेवली, पदर आत घेतला, नीट बसल्या, आणि मग मला म्हणाल्या, "हं. आता या."